यादीतले नाव आणि हातातला हुकूम

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या ईट गावची वस्ती वाढते. पुण्याला, सोलापूरला, छत्रपती संभाजीनगरला खोल्या करून राहिलेली मुले गावी परततात. अंगणात आकाशकंदील लागतो, चुलीवर चकल्यांचा घाणा चढतो, आणि पारावर बोलणे निघते ते एकाच विषयाचे. कुणाची कोणती परीक्षा झाली, कुणाचा निकाल लागला, कुणाचे नाव यादीत आले आणि कुणाचे दोन गुणांनी हुकले.

या बोलण्यात मला गुरुजी म्हणणारी माणसे एक प्रश्न हटकून विचारतात. मी वकील नाही; जन्मभर इतिहास शिकवला एवढेच. पण प्रश्न विचारणाऱ्याला ते कुठे ठाऊक असते? "गुरुजी, पोराचं नाव यादीत आलंय. पेढे वाटून झाले. आता सरकारनं हुकूमच दिला नाही, तर कोर्टात जाऊन नोकरी वसूल करता येते का हो?"

वसूल हा शब्द मला फार बोलका वाटतो. सावकाराचे येणे वसूल होते, शेतसारा वसूल होतो. यादीत नाव आले की सरकार आपले देणेकरी झाले, अशी या शब्दामागची समजूत आहे. तिच्यावर घरोघर केवढाले इमले उभे राहतात! मुलाचे लग्न ठरते. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आणखी वर्षभर त्याच्या खोलीभाड्यात जातात. दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. वयाची अट मात्र कुणासाठी थांबत नाही. ती पुढे सरकतच असते. तेव्हा या समजुतीत खरे किती आणि खोटे किती, हे इतिहासाला विचारून पाहावे असे मनात आले. उत्तर वाटले होते त्यापेक्षा जुने निघाले, आणि थोडे गमतीचेही.

*

आपल्या मुलखात नोकरीवर हक्क सांगण्याची चाल नवी नाही. उलट जुन्या काळी तो हक्क आजच्यापेक्षा कितीतरी बळकट होता. मात्र तो गुणाचा हक्क नव्हता, रक्ताचा होता.

वतन म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही सारी कामे सरकारचीच. परंतु काम सरकारचे असले तरी ते करण्याचा अधिकार घराण्याच्या मालकीचा. बापामागून मुलगा, मुलामागून नातू. आमच्या बाजूला, म्हणजे निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्यात, गावचा वसूल पाहणारा माली पाटील निराळा, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील निराळा आणि दप्तर सांभाळणारा पटवारी निराळा. ही नावे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येतात.

या वतनासाठी माणसे काय करीत नसत? गोतसभेपुढे भांडण जाई. शिवेजोडीच्या गावचे पाटील, बलुतेदार, शेटे, महाजन साक्षीला बसत. निकाल लागला की महजर होई, आणि तो कागद घराण्यात सोन्यानाण्यापेक्षा जपून ठेवला जाई. साक्षीपुराव्याने निवाडा होईना तर वादी दिव्य करी. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढून हात सोलवटून घेई. राजाही वतन सहजासहजी काढून घेत नसे. वतनदार दरबारात जाऊन 'हे काम माझे आहे, मला द्या' असे म्हणू शके, आणि पुरावा असला तर त्याला ते मिळेही. नेमणूक वसूल करणे ते हेच!

याउलट जी कामे खरोखर कर्तबगारीची, म्हणजे मामलत, सुभा, किल्ल्याची हवालदारी, ती सारी धन्याच्या मर्जीची. आज आहे, उद्या नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी तर मामलती इजाऱ्याने जाऊ लागल्या. जो अधिक रक्कम कबूल करील त्याचा महाल. तिथे हक्काची भाषा कोण बोलणार?

आणि नेमणुकीची खूण कोणती? वस्त्रे! प्रत्यक्ष पेशव्यालाही साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रे आल्यावाचून पेशवा म्हणवता येत नसे. सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना त्यांच्यासाठी वस्त्रे पुरंदरावर आली. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या खर्ड्याच्या माळावर मराठ्यांनी मार्च १७९५ मध्ये निजामाचा पराभव केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि गादीचा घोळ सुरू झाला. बाजीराव थोरला, म्हणून त्याचा अधिकार मोठा, असे म्हणणारे पुष्कळ होते. तरी १७९६ साली वस्त्रे आधी चिमाजी आप्पाच्या अंगावर चढली. बाजीरावाला ती मिळाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात. अधिकार पदरी असणे आणि वस्त्रे अंगावर येणे, यांत अंतर किती पडू शकते ते पाहा. आजचा उमेदवार त्या अंतरातच उभा असतो. यादी म्हणजे अधिकार, आणि हुकूम म्हणजे वस्त्रे.

*

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे असाच एक घोळ झाला आणि त्यातून जगातला एक थोर निवाडा जन्माला आला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन ॲडम्स निवडणूक हरले. नवे अध्यक्ष टॉमस जेफर्सन ४ मार्च १८०१ रोजी अधिकारावर येणार होते. जाता जाता ॲडम्सनी आपल्या पक्षाच्या माणसांना भराभरा पदे दिली. विल्यम मार्बरी नावाच्या गृहस्थाला राजधानीच्या मुलखात शांतता-न्यायाधीश नेमले. नेमणुकीच्या कागदावर सही झाली, मोहोर उठली. पण घाईगर्दीत कागद पोचवायचा राहिला. जेफर्सननी तो अडकवून ठेवायला सांगितले. मार्बरी आणि त्याचे तीन सोबती सर्वोच्च न्यायालयात गेले आणि म्हणाले, मंत्री मॅडिसन यांना हुकूम करा आणि आमचा कागद आम्हाला द्या.

मौज अशी, की कागद पोचवायचे ज्यांच्याकडून राहिले ते तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल हेच आता सरन्यायाधीशाच्या आसनावर होते! त्यांनी २४ फेब्रुवारी १८०३ रोजी निकाल दिला. सही आणि मोहोर झाली तेव्हाच नेमणूक पुरी झाली. कागद अडवणे हा अन्याय आहे. अन्यायाला इलाज असलाच पाहिजे. इथवर ऐकून मार्बरीला हर्ष झाला असेल. परंतु पुढे मार्शल म्हणाले, असा अर्ज थेट आमच्यापुढे आणण्याची मुभा ज्या कायद्याने दिली तो कायदाच राज्यघटनेशी विसंगत आहे. सबब अर्ज नामंजूर. कायदा घटनेविरुद्ध गेला तर न्यायालय तो रद्द ठरवील, हे तत्त्व त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात ठामपणे मांडले. जगाला तत्त्व मिळाले. मार्बरीला मात्र नोकरी मिळाली नाही.

आपल्याकडे याच्या जोडीला बसेल असा प्रसंग घडला १८६९ साली, आणि त्यात एक नाव मराठी आहे.

विलायतेत इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा खुली झाली १८५५ पासून. तीत उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर. साल १८६३. त्यांची सारी नोकरी पुढे आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याच्या न्यायाधीशपदावरून १८९७ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर १८६९ मध्ये एकदम चार हिंदी तरुण यशस्वी झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगाली, आणि चौथे मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. पहिल्या तिघांची नावे इतिहासाने जपली. श्रीपाद ठाकुरांचे नाव आजच्या मराठी वाचकाच्या कानावरून फारसे गेलेले नसते.

निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांच्यावर आकाश कोसळले. सिव्हिल सर्व्हिस कमिशनरांनी त्या दोघांची नावे यादीतून काढून टाकली. कारण वयाचे. परीक्षेला बसणाऱ्याचे वय एकविसाच्या आत हवे. आणि हिंदुस्थानात मॅट्रिकच्या वेळी यांनी जे वय लिहिले होते त्यावरून हिशेब केला तर ते एकविसाच्या वर जात होते.

खरा घोटाळा कशात होता, हे आपल्या घरातल्या आजीने क्षणात सांगितले असते. मुलाचा पंधरावा वाढदिवस झाला की आपण म्हणतो, त्याला सोळावे लागले. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. मॅट्रिकला १८६३ च्या अखेरीस त्यांनी वय लिहिले सोळा, म्हणजे चालू असलेले सोळावे. इंग्रज साहेबाने त्याचा अर्थ घेतला सोळा पूर्ण. एका वर्षाची ही गफलत दोन तरुणांच्या जन्माचे नुकसान करायला पुरेशी होती.

सुरेंद्रनाथ घरी रडत बसले नाहीत. त्यांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयाकडे मँडॅमसची मागणी केली. मँडॅमस या लॅटिन शब्दाचा अर्थ 'आम्ही आज्ञा करतो' असा आहे. मराठीत त्यालाच परमादेश म्हणतात. इकडे कलकत्त्याहून ईश्वरचंद्र विद्यासागर, राजेंद्रलाल मित्र यांच्यासारख्या मातब्बरांनी शपथपूर्वक लिहून दिले, की हिंदू लोक वय सांगतात ते चालू वर्षाचे. जन्मपत्रिकाही पुराव्यात आली. सरन्यायाधीश कॉकबर्न यांच्या न्यायालयाने कमिशनरांना कारण दाखवण्याचा हुकूम काढला. आणि पुढे दोघांचीही नावे यादीत परत आली. सुरेंद्रनाथ १८७१ मध्ये स्वदेशी येऊन नोकरीवर रुजू झाले.

या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. सुरेंद्रनाथांनी न्यायालयाला 'मला नोकरी द्या' असे सांगितले नाही. 'मला ज्या कारणासाठी वगळले ते कारण खोटे आहे' एवढेच सांगितले. हा भेद पुढे शंभर वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जो नियम घालून दिला त्याचा गाभा आहे.

आणि या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. न्यायालयाच्या बळावर यादीत परतलेले हे गृहस्थ सिल्हेटला असताना १८७४ मध्ये नोकरीतून काढले गेले. दाद मागायला ते पुन्हा विलायतेला गेले; या खेपेला काही उपयोग झाला नाही. तेव्हा सरकारी नोकर म्हणजे राजाच्या मर्जीचा चाकर; मर्जी फिरली की नोकरी गेली. यादीत नाव घालायला न्यायालय उपयोगी पडले, पण नोकरीत टिकवायला कायदाच नव्हता. त्या धक्क्यातून राष्ट्रसभेचा एक पुढारी निर्माण झाला, हा सरकारचा तोटा आणि देशाचा लाभ. पुण्याला १८९५ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले त्याचे अध्यक्ष हेच सुरेंद्रनाथ होते.

*

आमच्या भागाला त्या वेळी असली न्यायालये परकीच होती. धाराशिवचा मुलूख निजामाच्या राज्यात. दप्तराची भाषा उर्दू, नोकरीसाठी 'मुलकी' असल्याचा दाखला, आणि शेवटचा शब्द फर्मानाचा. हैदराबादच्या निजामावर नेमणुकीसाठी दावा लावण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नसेल. हे चित्र १७ सप्टेंबर १९४८ नंतर पालटले. आणि २६ जानेवारी १९५० पासून ईटच्या शेतकऱ्याच्या मुलालाही सरकारला जाब विचारण्याचा तोच अधिकार मिळाला जो मुंबईच्या बॅरिस्टराच्या मुलाला.

घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढे समानता दिली. सोळाव्याने सरकारी नोकरीत समान संधी दिली. संधी हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. घटनेने संधीची हमी दिली आहे, नोकरीची नव्हे. दोनशे सव्विसाव्याने उच्च न्यायालयांना परमादेश काढण्याचा अधिकार दिला. आणि तीनशे अकराव्याने एकदा नोकरीत शिरलेल्या माणसाला चौकशीवाचून बडतर्फ करता येणार नाही अशी तजवीज केली. सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये जे मिळाले नाही ते हेच.

या नव्या घटनेचा पहिला आघात झाला तो जुन्या वतनावर. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून कायद्यानेच संपली. आंध्रातल्या एका गावच्या वंशपरंपरागत मुन्सफीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे डिसेंबर १९६० मध्ये निकाल लागला, की गावचे पदही सरकारी पदच आहे, आणि ते केवळ अमक्याच्या घरात जन्मला म्हणून कुणाला देता येणार नाही. शेकडो वर्षांची रक्ताची वसुली अशी थांबली. आज पोलीस पाटील नेमायचा तर महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याप्रमाणे निवड करूनच नेमावा लागतो. आमच्यासारख्या गावांत त्यासाठी मुले लेखी परीक्षा देतात. ज्या पदासाठी एकेकाळी हात पोळून घेत, त्यासाठी आता हात शाईने माखतात, एवढा पालट झाला.

रक्ताचा हक्क गेला. मग गुणाचा हक्क त्याच्या जागी आला का? इथे आपला मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हरियाणात दिवाणी न्यायाधीशांच्या पंधरा जागांसाठी परीक्षा झाली. पंचेचाळीस टक्क्यांची पायरी चाळीस उमेदवारांनी ओलांडली. सरकारने नेमले फक्त पहिले सात. न्यायाधीशाचा दर्जा राखायचा तर पंचावन्न टक्क्यांखालचा घेऊ नये, असे उच्च न्यायालयाचेच मत पडले होते. यादीतल्या पुढच्या उमेदवारांनी दावा केला. जागा रिकाम्या, आम्ही उत्तीर्ण, मग अडचण काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितले, की जागा रिकामी आहे एवढ्यावरून ती भरलीच पाहिजे असा हक्क कुणाला उत्पन्न होत नाही. मात्र यादीतला क्रम डावलून खालच्याला वर घेता येणार नाही.

पुढे १९७७ च्या परीक्षेतले एक उमेदवार शंकरसन दाश भारतीय पोलीस सेवेतल्या रिकाम्या राहिलेल्या जागेसाठी झगडत सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९९१ मध्ये जो निकाल दिला तो या विषयातला पायाचा दगड. त्याचा सारांश आपल्या बोलीत सांगायचा तर असा. सरकारची जाहिरात म्हणजे 'या, अर्ज करा' एवढे निमंत्रण होय. जेवणाचे आमंत्रण मिळाले म्हणून पंगतीतले पान आपल्या मालकीचे होत नाही. तसेच यादीत नाव आले म्हणून जागा आपली होत नाही. नियमच तसे सांगत असतील तर गोष्ट निराळी. एरवी सर्व जागा भरण्याचे बंधन सरकारवर नाही. पण म्हणून सरकारला मन मानेल तसे वागण्याचा परवाना मिळाला असेही नाही. जागा न भरायच्या तर त्यामागे प्रामाणिक आणि योग्य कारण पाहिजे. आणि भरायच्या तर गुणानुक्रमानेच भरल्या पाहिजेत.

पारावर हा निकाल सांगितला की ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात. "म्हणजे सरकार जिंकलं की!" असे कुणीतरी म्हणतोच. मला तसे वाटत नाही. सरकारला इतकी मोकळीक का द्यावी, याचाही विचार केला पाहिजे. खाते बंद होते, कामाची गरज संपते, तिजोरीत खडखडाट असतो. किंवा परीक्षेतच पाप झालेले उघडकीस येते. आपल्या आरोग्य विभागाच्या २०२१ च्या भरतीत प्रश्नपत्रिका फुटल्या आणि परीक्षा रद्द कराव्या लागल्या, हे सर्वांना आठवत असेल. यादीतले नाव म्हणजे अटळ हक्क ठरला, तर लबाडीने यादीत आलेलाही तोच हक्क सांगेल.

पण लबाडांच्या पापात प्रामाणिकांनी का जळावे? याचेही उत्तर न्यायालयाने दिलेले आहे. एका केंद्रीय भरतीत एकतीस जणांना चुकीने लाभ मिळाल्याचे आढळले, म्हणून सगळी यादीच रद्द झाली होती. तेव्हा २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की खडे वेगळे काढता येत असताना सूप भरून धान्य उकिरड्यावर टाकणे न्यायाचे नव्हे (शब्द माझे, अर्थ त्यांचा). उलट पश्चिम बंगालमध्ये शाळांच्या भरतीत खडे आणि धान्य निवडताच येईना, इतकी भेसळ झालेली होती. तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक नेमणुका एकदम रद्द झाल्या. तिथे हातात हुकूम असलेली, वर्षानुवर्षे पगार घेतलेली माणसेही घरी गेली.

*

आता आपल्या घरची गोष्ट. राज्यसेवेच्या २०१९ च्या परीक्षेचा निकाल जून २०२० मध्ये लागला. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार अशा पदांसाठी ४१३ उमेदवारांची शिफारस झाली. मराठा समाजाला नोकऱ्यांत आरक्षण देणारा २०१८ चा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केला होता. त्याला ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि ५ मे २०२१ रोजी तो रद्दच झाला. यादी लागलेली, शिफारस झालेली, आणि हुकूम नाही, अशा अवस्थेत शेकडो घरे दीर्घकाळ लोंबकळत राहिली. 'तहसीलदार झालो' असे गावभर सांगितलेला मुलगा शेतात नांगर धरून उभा, हे दृश्य त्या दोन वर्षांत मराठवाड्याने पाहिले. त्यांचा गुन्हा काय होता? काहीच नाही. त्यांची परीक्षा खरी, गुण खरे; पायाखालचा कायदा मात्र सरकला होता.

अखेर मार्ग निघाला तो न्यायालयाच्या आज्ञेने नव्हे, तर विधिमंडळाच्या कायद्याने. स्थगितीपूर्वी निवड झालेल्या पण नेमणूक न मिळालेल्या उमेदवारांसाठी २०२२ मध्ये अधिसंख्य पदे निर्माण करण्याचा कायदा झाला आणि हजाराहून अधिक उमेदवारांना नेमणुका मिळाल्या. परमादेशाला जे साधत नाही ते कधीकधी लोकमताला साधते, हेही इतिहासाचेच म्हणणे आहे.

या साऱ्या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे पुन्हा एकदा विचार केला. राजस्थान उच्च न्यायालयात अनुवादकांच्या तेरा जागा होत्या. एकवीस जण परीक्षेला बसले. आणि परीक्षा उरकल्यावर ठरवण्यात आले की पंचाहत्तर टक्के मिळवणाराच घ्यायचा. तीनच जण लागले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. नियमांनी तशी मुभा दिलेली नसेल तर खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येणार नाहीत, आणि दिलेली असली तरी तो बदल मनमानी नसावा. यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा अटळ हक्क मिळत नाही, हे जुने तत्त्व त्यांनी कायम ठेवले. पण त्याला जोडून दुसरेही सांगितले, की जागा शिल्लक असताना, यादीत बसणाऱ्या उमेदवाराला सरकार मनमानीने नाकारू शकत नाही. का नाकारले याचा खुलासा सरकारला करावा लागेल.

एवढा दीडदोनशे वर्षांचा फेरफटका मारल्यावर पारावरच्या प्रश्नाला मी जे उत्तर देतो ते इथे लिहून ठेवतो. यादीतले नाव हे वतन नाही. ते वसूल होत नाही. पण ते कोरा कागदही नाही. त्या नावाच्या बळावर सरकारला तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो. माझ्या मागच्याला घेऊन मला वगळले काय? परीक्षा झाल्यावर नियम बदलले काय? आणि जागा असून भरत नसाल तर कारण काय? या तिहींपैकी एकाचेही उत्तर सरकारजवळ धड नसेल, तर न्यायालय आजही हुकूम काढते. राज्य सरकारच्या नोकरीसाठी आमच्या भागातल्या माणसाने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावे, आणि तिथेही समाधान न झाल्यास उच्च न्यायालयाकडे. मात्र लवकर जावे. याद्यांनाही मुदत असते. ती सरली की चांगला दावाही शिळ्या भाकरीसारखा होतो.

आणि आईबापांना हात जोडून सांगणे एवढेच, की यादी लागली म्हणजे आनंद जरूर करा, पेढे वाटा, दारात रांगोळी काढा. गुण मुलाने मिळवले आहेत, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण लग्नाची तारीख, जमिनीचा व्यवहार आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज या तीन गोष्टी यादीवर सोपवू नका. त्या हुकूम हातात पडेपर्यंत आपल्याच हाती ठेवा. श्रीपाद ठाकूर आणि सुरेंद्रनाथ यांना त्यांचे यादीतले नाव परत मिळाले, ते सरकारची कृपा झाली म्हणून नव्हे. वगळण्याचे कारण न्यायालयात टिकण्याजोगे नव्हते म्हणून. रक्ताच्या हक्काला पूर्वी कारण लागत नसे, आणि मर्जीच्या नकारालाही लागत नसे. आज दोघांनाही कारण द्यावे लागते. गरिबाघरच्या हुशार मुलाच्या दृष्टीने ही कमाई थोडी नव्हे.